पोटाला सवड दे

बाळा, कॉलेजसाठी तू आता नागपूरहून जबलपूरच्या राइट टाउनात आमच्याकडे राहायला येणार, म्हणून जेवणाखाणाचं आधीच सांगून ठेवते. पोटाशी करायच्या सगळ्या चुका तुझ्या आत्याच्या करून झाल्यात, तू नव्याने करू नकोस.

१. घास नीट चावून खा — पोळीभातातलं पिष्ट लाळेतच पचायला लागतं, आणि जठराला दात नसतात. दातांनी टाळलं ते आतड्यांनी भोगलं.

२. पानावर बसलास की मोबाइल उपडा ठेव — पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि तू तर सातव्या मिनिटाला हात धुतोस.

३. तोंडात घास असताना बोलू नकोस — घशात श्वासाची नि अन्नाची वाट शेजारीशेजारी आहे.

४. कमानिया गेटकडे खव्याची जिलबी खायला जरूर जा, पण दोनच खा, नि त्याही दिवसाउजेडी — तूप-खवा जठरातून फार सावकाश उतरतो, आणि तो पचवायला पित्ताशयाला साठवलेलं पित्त ओतावं लागतं. मी एकदा रात्री दहाला सहा खाल्ल्या आणि पहाटेपर्यंत छाती धरून बसले होते. जिलबी तोंडात गोड, उशीवर आंबट.

५. जेवल्याजेवल्या आडवा होऊ नकोस, स्टेडियमकडे रमतगमत एक फेरी मारून ये — अन्ननलिकेच्या तळाशी झडप असते, पण भरल्या पोटी झोपलं की आम्ल तिला ढकलून वर येतं. पडायचंच असेल तर डाव्या कुशीवर.

६. सकाळच्या चहा-पोह्यांनंतर दहा मिनिटं मोकळी ठेव — जठरात अन्न पडलं की मोठं आतडं जागं होतं. कळ दाबलीस तर ते पाणी शोषत बसतं, मग खडा होतो.

७. डोकं दुखलं म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेऊ नकोस — आम्लापासून जठराला जपणारा आतला थर तिने दुबळा होतो.

८. पोट सतत जळत असेल तर सोडा पिऊन दिवस ढकलू नकोस, डॉक्टरांकडे चल — अल्सर तिखटाने होतो असं आम्ही धरून चाललो होतो, पण पुष्कळदा त्यामागे एक जिवाणू असतो. तो ओळखणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं, आणि औषधाने तो जातो.

९. मे महिन्यात जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पी — साखर सोबत असली की लहान आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मिठाचं पाणी पाजून कॉलऱ्याच्या रोग्यांचे प्राण वाचवले. म्हणून माझ्या ओट्यावर साखर-मिठाचे डबे पुढेच असतात.

१०. बेंबीशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली, किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर चूर्ण शोधू नकोस, मध्यरात्र असली तरी मला उठव — पहिलं अपेंडिक्स असू शकतं, दुसरं आतला रक्तस्राव.

११. रात्रीची पानं मी साडेआठला घेते, उशीर होणार असेल तर फोन कर — तुझा वरणभात झाकून ठेवीन, पण अकराला आलास तर अर्धंच वाढीन.