वाचनखूण: एक पुस्तक, दोन यंत्रे

छापील पुस्तकात कागदाचा कपटा घातला की वाचनाची जागा सुरक्षित राहते. परंतु तेच पुस्तक भ्रमणध्वनीवर आणि टॅब्लेटवर आलटून पालटून वाचावयाचे असल्यास ही खूण एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कशी पोहोचवावी? ‘प्रतिलिपि’सारखे मराठी वाचनाचे अॅप ज्या बेंगळुरू शहरात २०१४ साली सुरू झाले, तेथीलच एक उदाहरण घेऊ.

प्रथम खूण कशाची, ते ठरविले पाहिजे. पानाचा क्रमांक येथे निरुपयोगी आहे. कारण पडदा लहान असला किंवा अक्षरे मोठी केली की पाने बदलतात. म्हणून आरंभापासून अक्षरे मोजावी लागतात. तेथेही सावधगिरी हवी. ‘क्षि’ हे वाचकास एकच अक्षर दिसते. युनिकोडमध्ये मात्र त्यासाठी क, हलन्तचिन्ह, ष आणि वेलांटी असे ४ संकेत लागतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने ते साठविल्यास १२ बाइट होतात. दोन यंत्रांची मोजणी निराळी असल्यास खूण कित्येक पाने सरकेल. दोन्ही यंत्रांनी एकच माप पाळणे म्हणूनच आवश्यक आहे.

आता दुसरा प्रश्न. एक शिक्षिका सकाळी मेट्रोने निघाल्या. कब्बन पार्क ते मॅजेस्टिक ह्या भुयारी मार्गात संपर्क तुटला, असे समजू. त्या पाचव्या प्रकरणापासून सातव्यापर्यंत वाचीत गेल्या आणि भ्रमणध्वनीची बॅटरी संपली. रात्री टॅब्लेटवर पाचवेच प्रकरण उघडले. एक संदर्भ पाहण्यासाठी त्या दुसऱ्या प्रकरणाकडे वळल्या व तेथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही नोंदी मध्यवर्ती संगणकाकडे आल्या. खरी कोणती?

‘शेवटची नोंद खरी’ मानल्यास सातवे प्रकरण हरवते. शिवाय एखाद्या यंत्राचे घड्याळ चुकलेले असू शकते. ‘सर्वांत पुढची खरी’ मानल्यास, शेवटची शब्दसूची सहज चाळणारा वाचक पुन्हा पुन्हा पुस्तकाच्या अखेरीस फेकला जातो.

लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी १९७८ साली दाखवून दिले की, घड्याळावर विसंबल्यावाचूनही घटनांचा क्रम लावता येतो. मात्र ज्या दोन घटनांचा एकमेकींशी कोणताही संपर्क आला नाही, त्यांत आधीची कोणती, हे अशा रीतीने ठरत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राने आपल्या नोंदींस अनुक्रमांक द्यावा आणि दुसऱ्या यंत्राची कोणती नोंद आपणांस ठाऊक होती, हेही सोबत लिहावे. एका नोंदीस दुसरी ठाऊक असेल, तर जाणती नोंद नंतरची ठरते. परस्परांस अज्ञात असतील, तर दोन्ही जपून ठेवाव्यात व वाचकासच विचारावे. कारण त्याचा हेतू यंत्रास ठाऊक नसतो.

प्रयोग: दोन यंत्रांवर एकच पुस्तक उघडा. दोहोंचा संपर्क बंद करून निरनिराळी प्रकरणे वाचा. मग संपर्क जोडा आणि आपले अॅप विचारते, की न विचारता एक खूण पुसून टाकते, ते पाहा.