सरासरीइतका पाऊस पडला, मग रोवणी का खोळंबली?

प्रश्न : आम्ही दरेकशाचे, सालेकसा तालुका, जिल्हा गोंदिया. घरी धानाची शेती आहे. हंगाम सरला की ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ अशी बातमी वाचायला मिळते आणि नेमकी त्याच वर्षी आमची रोवणी पाण्यावाचून रखडलेली असते. मुलगा अकरावीत सांख्यिकी शिकतो. तो म्हणतो, नुसती सरासरी बघून भागत नाही, विचलनही बघावं लागतं. मग सरासरी खोटी असते का? मध्यक, बहुलक, विचलन हे एवढे आकडे कशाला लागतात? आणि शेतकऱ्याला त्यांचा काही उपयोग आहे का?

उत्तर : बातमीतला आकडा खरा आहे आणि तुमच्या बांधीला पडलेल्या भेगाही खऱ्या आहेत. सरासरी एकच गोष्ट सांगते : सगळं सारखं वाटलं असतं तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं असतं. प्रत्यक्षात ते कसं वाटलं गेलं, याबद्दल ती काहीच सांगत नाही. रोवणी मात्र सगळी त्या वाटणीवरच अवलंबून असते.

जुलैचे चार आठवडे घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत, मिलिमीटरमध्ये.

पहिलं वर्ष : ९०, ११०, १००, १००
दुसरं वर्ष : १०, ०, ३०, ३६०

दोन्ही वर्षी महिन्याचा पाऊस ४०० मि.मी. आणि आठवड्याची सरासरी १००. पहिल्या वर्षी चिखलणी वेळेवर झाली, रोवणी उरकली. दुसऱ्या वर्षी तीन आठवडे चिखल करण्यापुरतंही पाणी नाही. पऱ्हे वाफ्यातच उभे, त्यांचं वय उलटून चाललेलं. असे जून पऱ्हे उशिरा रोवले की फुटवे कमी येतात. चौथ्या आठवड्यात आभाळ फाटलं आणि पाणी धुऱ्यांवरून वाहत नाल्याला गेलं. बातमीत दोन्ही वर्षं सारखीच, कोठीत मात्र दोन्ही वर्षांचं धान सारखं नाही.

प्रश्न : मग मधला आकडा काढायचा तर कोणता खरा? मध्य, मध्यक की बहुलक?

उत्तर : तिन्ही खरे आहेत, पण तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एखाद्या टोलीवरची सात कुटुंबं समजा. त्यांची जमीन एकरांत अशी :

१, १, १, २, २, ३, २५

बेरीज ३५, भागिले ७, म्हणजे मध्य (आपली नेहमीची सरासरी) ५ एकर. आकडे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा, म्हणजे चौथा, तो मध्यक : २ एकर. सर्वांत जास्त वेळा येणारा तो बहुलक : १ एकर.

आता बघा, ५ एकर जमीन या टोलीवर कोणाकडेच नाही. सातपैकी सहा कुटुंबं त्याच्या बरीच खाली आहेत. पंचवीस एकरवाल्याने आणखी २५ एकर घेतली, तर मध्य साडेआठच्या वर जाईल, मध्यक मात्र २ वरून हलणार नाही. एखादाच फार मोठा किंवा फार छोटा आकडा मध्याला आपल्याकडे ओढून नेतो, मध्यकाला नेऊ शकत नाही. म्हणून जमीन, उत्पन्न, मजुरी अशा गोष्टींत ‘साधारण माणसाची स्थिती काय’ असं विचारायचं असेल, तर मध्यक विचारावा.

याचा अर्थ मध्य टाकाऊ आहे असा नाही. एकूण हिशेब फक्त त्याच्याकडूनच मिळतो. ५ ला ७ ने गुणलं की टोलीची ३५ एकर जमीन परत हाती येते. मध्यकाला ७ ने गुणून काहीच हाती लागत नाही. टोलीला एकूण किती बियाणं, किती खत लागेल, हे ठरवायला मध्यच हवा. बहुलक कामी येतो तो निवडीच्या प्रश्नांत. गावात धानाचं कोणतं वाण जास्त लावतात, याची बेरीज-भागाकार करून सरासरी निघत नाही. तिथे सर्वाधिक पसंतीचं वाण कोणतं, एवढंच सांगता येतं, आणि बियाण्याच्या दुकानदाराला तेच हवं असतं.

प्रश्न : विचलन कसं काढतात? आकड्यांचा वर्ग करायची काय गरज?

उत्तर : पसारा मोजायची सर्वांत सोपी रीत म्हणजे विस्तार : मोठ्यातून लहान वजा करा. जुलैच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ११० वजा ९०, म्हणजे २०. दुसऱ्या वर्षी ३६० वजा ०, म्हणजे ३६०. एका वजाबाकीतच दोन वर्षांमधला फरक उघड झाला. पण विस्तार फक्त दोन टोकांकडे बघतो, मधल्या आकड्यांचं काय चाललं आहे याची त्याला खबर नसते.

म्हणून दुसरी रीत : प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते बघायचं. दुसऱ्या वर्षाचे फरक येतात उणे ९०, उणे १००, उणे ७० आणि अधिक २६०. बेरीज करा : शून्य. ती नेहमीच शून्य येते. मध्य असतोच असा आकडा, की ज्याच्या खालची तूट आणि वरची वाढ एकमेकांना पुरतात. ही वजा-अधिकची फिटाफीट टाळायची म्हणून फरकांचे वर्ग करतात. ८,१००, १०,०००, ४,९०० आणि ६७,६००. बेरीज ९०,६००, तिला ४ ने भागून २२,६५०. याचं वर्गमूळ सुमारे १५०. हे प्रमाण विचलन. पहिल्या वर्षाचं तसंच काढलं तर ते सुमारे ७ येतं.

आता दोन्ही वर्षं पुन्हा मांडा. पहिलं : सरासरी १००, विचलन ७. दुसरं : सरासरी १००, विचलन १५०. विचलन सरासरीहूनही मोठं निघालं, तर समजावं की या सरासरीच्या भरवशावर पुढचं काही ठरवता येणार नाही. (तुमच्या मुलाला पुढे कधी संख्येतून एक वजा करून भागायला सांगतील. थोड्या नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज करताना तसं करतात, कारण नमुन्यात पसारा थोडा कमीच दिसतो.)

एक सावधगिरी. ‘सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन घेतलं की सुमारे ६८ टक्के आकडे त्यात येतात’ हा नियम घंटेच्या आकाराच्या वाटणीसाठी आहे. रोजचा किंवा आठवड्याचा पाऊस तसा वाटलेला नसतो. तो शून्याच्या खाली जात नाही आणि वर कितीही चढू शकतो. तिथे मध्यक आणि चतुर्थक (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे हिस्से पाडणारे आकडे) जास्त भरवशाचे.

प्रश्न : हवामान खातं ‘सामान्य पाऊस’ म्हणतं तेव्हा नेमकं काय मोजतं?

उत्तर : भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात जून ते सप्टेंबर या काळातला देशाचा दीर्घकालीन सरासरी पाऊस ८७ सें.मी. आहे. ही सरासरी १९७१ ते २०२० या ५० वर्षांची. संपूर्ण देशासाठी तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सामान्य’. जिल्ह्यासाठी मात्र हा पट्टा बराच रुंद आहे : सरासरीपेक्षा १९ टक्के कमीपासून १९ टक्के जास्तपर्यंत सगळं ‘सामान्य’च. २० ते ५९ टक्के तूट असेल तर ‘अपुरा’, त्याहून मोठी तूट असेल तर ‘अत्यंत अपुरा’.

देशाला ४ टक्क्यांचा पट्टा आणि जिल्ह्याला १९ टक्क्यांचा, हा भेद मनमानी नाही. एकीकडची तूट दुसरीकडच्या वाढीत मिसळून जाते, म्हणून जितका मोठा प्रदेश आणि जितका मोठा काळ घ्याल, तितकी सरासरी स्थिर दिसते. देशाची सरासरी फार हलत नाही, जिल्ह्याची जास्त हलते, एका गावाची त्याहून जास्त आणि एका गावाच्या एका आठवड्याची सर्वांत जास्त. बातमी चार महिन्यांची आणि अख्ख्या जिल्ह्याची असते. तुमची रोवणी मात्र एका गावातल्या दोन-तीन आठवड्यांची असते. जिल्ह्यात १५ टक्के तूट आली तरी बातमीत तो पाऊस ‘सामान्य’ असतो, आणि ती सगळी तूट जुलैतच पडलेली असू शकते.

प्रश्न : पीक विम्यातही सरासरीच लावतात ना?

उत्तर : हो, आणि तिथे ती दोनदा येते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेल्यावरच भरपाई मिळते) काढताना मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे विम्याने हमी दिलेल्या टक्क्यांनी, गुणतात. समजा, महसूल मंडळाचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमध्ये २४, २६, ८, २५, २७, १२, २८ असं आहे. सातही वर्षांची सरासरी सुमारे २१.४. दुष्काळाची ८ आणि १२ ही वर्षं वगळली की २६. जोखीमस्तर ७० टक्के धरला, तर उंबरठा १५ ऐवजी १८.२ वर येतो. दोन वाईट वर्षांनी मध्याला खाली ओढू नये, म्हणूनची ही तजवीज. शेतकऱ्याच्या हिताचीच.

दुसरी सरासरी मात्र बोचते. चालू वर्षाचं उत्पादन पीक कापणी प्रयोगांवरून, सबंध महसूल मंडळाचं काढतात. मंडळाची सरासरी २० आली, तर ती १८.२ च्या वर आहे, म्हणून भरपाई नाही. मग तुमच्या बांधीत ६ क्विंटलच का झालेलं असेना. मंडळाच्या आत किती पसारा आहे, हे त्या सूत्राला दिसतच नाही.

पीक कापणीचं शास्त्र भारतात रुजवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध. नजरेने पीक बघून अंदाज बांधण्याऐवजी शेतं चिठ्ठी काढल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीने निवडावीत, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापून तोलावं, ही पद्धत त्यांनी कृषी संशोधन परिषदेत बसवली. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. उतारवयात पुण्यात राहून ते आहाराच्या प्रश्नावर हेच बजावत राहिले, की माणसाला ‘सरासरी’ किती उष्मांक लागतात एवढ्यावरून कुपोषित कोण हे ठरवता येत नाही. गरज माणसागणिक बदलते आणि त्याच माणसाची दिवसागणिकही बदलते. त्यांच्या निष्कर्षांवर मोठे वाद झाले. पण पसारा न बघता सरासरीची रेघ ओढू नये, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच मोलाचा आहे.

प्रश्न : हे सगळं समजून आम्ही करायचं काय?

उत्तर : आपल्या मंडळाचा पाऊस स्वतः मांडायचा. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत. आपल्या मंडळाच्या नोंदी कृषी सहायकांकडे मागा आणि मुलाला वहीत उतरवायला सांगा. समजा, ११ वर्षांचा जुलैचा पाऊस चढत्या क्रमाने असा निघाला :

१८०, २१०, २४०, २९०, ३३०, ३५०, ३८०, ४१०, ४७०, ५६०, ८७०

मध्य ३९०. मध्यक ३५०. पहिला चतुर्थक २४०, तिसरा ४७०. मध्यावर विसंबून रोवणीचं नियोजन केलं, तर ३९० चा पल्ला ११ पैकी फक्त ४ वर्षांनी गाठलेला आहे. सात वर्षं तुम्ही फसला असता. २४० चा पल्ला मात्र ९ वर्षांनी गाठला आहे. म्हणून पाण्याचा हिशेब सरासरीवर नव्हे, पहिल्या चतुर्थकावर बांधावा. तेवढ्या पाण्यात निभेल असं हलकं धान किती बांध्यांत आणि भारी धान किती बांध्यांत, हे त्यावरून ठरवता येईल. २४० आणि ३९० मधली तूट कशातून भरायची, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या भागात जुनंच आहे : बोडी आणि मालगुजारी तलाव. तलावाने पावसाची सरासरी मिलिमीटरभरही वाढत नाही. एका आठवड्यात कोसळलेलं पाणी तो पुढचे कित्येक आठवडे पुरवतो, म्हणजेच पसारा कमी करतो. बोडीतला गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेत मांडाल, तेव्हा ही वही सोबत न्या.

हीच नजर इतर ठिकाणीही लावा. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी लाखो गोंड भाविक अनेक राज्यांतून येतात आणि दरेकशाच्या स्थानकावर उतरतात. वर्षभराच्या प्रवाशांना ३६५ ने भागून पाण्याच्या टाक्या आणि स्वच्छतागृहं बांधली, तर ती यात्रेच्या दिवसांत अपुरी पडणारच. कुठलाही सरकारी अहवाल किंवा बातमी ‘सरासरी’ सांगून थांबली, की तीन गोष्टी विचारा : ही सरासरी किती प्रदेशाची आणि किती काळाची? मध्यक किती? आणि सर्वांत खालच्या चौथ्या हिश्श्यात किती आलं? तिसऱ्याचं उत्तर मिळालं, की हाल कोणाचे झाले आणि मदत आधी कुठे पोहोचवायची, ते कळतं. आकडे गोळा करायचे ते याचसाठी.