आकाशातील नव्या वेधांची नोंद : पद्धती आणि महत्त्व

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिली येथील ॲटलास दुर्बिणीला ‘२०२४ वायआर ४’ हा लघुग्रह आढळला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३ टक्क्यांपर्यंत पोहोचली. मात्र त्याच महिन्यात विविध वेधशाळांकडून आलेल्या नव्या नोंदींमुळे कक्षा अधिक अचूक ठरली आणि ही शक्यता नगण्य झाली. वेध घेण्याइतकेच त्याची शास्त्रशुद्ध नोंद कळविणे का आवश्यक असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

रूपविकारी तारे

ज्यांची तेजस्विता कालानुसार बदलते, ते रूपविकारी तारे होत. तेजस्विता ‘प्रत’ या एककात मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपट फरक. निरीक्षक अशा ताऱ्याची तुलना ज्ञात प्रतीच्या शेजारच्या ताऱ्यांशी करतो. तो ७.२ आणि ७.८ प्रतींच्या ताऱ्यांच्या बरोबर मध्ये वाटल्यास त्याची प्रत ७.५ मानली जाते. ताऱ्याचे नाव, वेळ, अंदाजित प्रत आणि तुलनेचे तारे ही माहिती १९११ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेकडे पाठविता येते.

वेळेची नोंद जागतिक वेळेत किंवा ज्यूलियन दिनांकात करावी लागते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे १५ जानेवारीला पहाटे १.३० वाजता घेतलेला वेध १४ जानेवारी, २० वाजता असा नोंदवावा लागतो.

लघुग्रह व धूमकेतू

येथे स्थान महत्त्वाचे असते. विषुवांश, क्रांती, अचूक वेळ, प्रत आणि वेधस्थळाचा संकेतांक ही माहिती १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे पाठवितात. एका रात्रीच्या वेधांवरून कक्षा विश्वसनीयपणे ठरत नाही. म्हणून इतरांकडून पुष्टी आवश्यक असते. नव्या लघुग्रहास प्रथम तात्पुरता संकेत मिळतो. ‘२०२४ वायआर ४’ मधील ‘वाय’ हे अक्षर डिसेंबरचा उत्तरार्ध दर्शविते, तर ‘आर ४’ हा त्या पंधरवड्यातील ११७ वा क्रम आहे. कक्षा निश्चित झाल्यावर कायम क्रमांक दिला जातो. धूमकेतूस सामान्यतः शोधकर्त्याचे नाव मिळते.

भारतीय योगदान

मद्रास वेधशाळेतून पॉग्सन यांनी १८६१ मध्ये ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला. तेथेच चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये ‘आर रेटिक्युली’ या ताऱ्याचे रूपविकारित्व ओळखले. १९४९ मध्ये हार्वर्ड येथे शिकत असताना वेणू बाप्पू यांनी शोधलेला धूमकेतू ‘बाप्पू-बॉक-न्यूकर्क’ या नावाने ओळखला जातो. १९८८ मध्ये कावलूर येथून शोधलेल्या ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहास रामानुजन यांचे नाव देण्यात आले.

यांत राधागोविंद चंद्र यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. जेसोर येथील कोषागारातील नोकरी सांभाळून हौशी निरीक्षक म्हणून त्यांनी रूपविकारी ताऱ्यांचे ३७ हजारांहून अधिक वेध उपरोक्त अमेरिकन संस्थेकडे पाठविले. काळजीपूर्वक केलेली नोंद, मग ती मोठ्या वेधशाळेतील असो वा घराच्या गच्चीवरील, विज्ञानाच्या उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.