पोटावरची चरबी, अंगातला दाह आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या



उसाला केवडा पडला की आपण हिराकस फवारतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. हे आपल्या टेंभुर्णीच्या शेतकऱ्याला (सोलापूरकडची टेंभुर्णी निराळी) नव्याने सांगायला नको. माणसाच्या अंगातही असाच प्रकार घडतो, आणि पुष्कळदा त्याचे मूळ पोटावरच्या चरबीत असते.

चरबी म्हणजे गोदामातल्या पोत्यांसारखा नुसता साठा, असे पूर्वी समजत. १९९३ साली अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले की लठ्ठपणात ही चरबीच दाह वाढवणारे द्रव्य रक्तात सोडते. पेशी फुगल्या की त्यांच्याभोवती शरीराच्या संरक्षक पेशी गोळा होतात. जखम नसतानाही जखमेसारखी सूज आत धुमसत राहते. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कळत नाही. पण इन्सुलिनचे काम अडते आणि रक्तातली साखर वाढते.

"आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" असे कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा धरतात.

आता गोळ्यांकडे वळू. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त तयार करते, आणि ते आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडवते. अंगाने जाड बाई लोहाच्या गोळ्या नेमाने घेते, तरी रक्त हवे तसे वाढत नाही, त्याचे हे एक कारण. उसाला निदान पानांवरून फवारता येतं. गोळीला आतड्यातूनच जावं लागतं. म्हणून गोळी सोडायची नाही, पण वजन थोडे उतरले तर ही वाट मोकळी व्हायला मदत होते.

ड जीवनसत्त्व चरबीत मुरते, त्यामुळे जाड माणसाच्या रक्तात ते कमी दिसते. ते भरून दिले म्हणून दाह विझतो, असे मात्र आढळत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१९ साली आला. रोज ४,००० युनिट घेऊनही मधुमेह लक्षणीय कमी झाला नाही. आणि साठ हजार युनिटची पुडी मनानेच महिनोन् महिने चालू ठेवली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. जस्त, मॅग्नेशियम यांचेही तसेच आहे: कमतरता असेल तिथे उपयोग, नसेल तिथे खर्च. माती न तपासता खत टाकण्यातलाच हा प्रकार.

ब-१२ ची गोष्ट वेगळी, तिकडे दुर्लक्ष नको. पुणे भागातल्या खेड्यातील, झोपडपट्टीतील व मध्यमवर्गीय पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत ते कमी आढळले. दूध, दही, अंडी, मटण यांतूनच ते मिळते. शिवाय मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतली की ते आणखी घटते. पायाला मुंग्या आल्या की "साखरेमुळंच असेल" म्हणून माणूस गप्प बसतो, अन् नसा बिघडत जातात. अशा सभासदांनी डॉक्टरांना विचारून ब-१२ तपासून घ्यावे. तपासणी गोळी सुरू करण्याआधी करावी. नंतर केली तर आकडा चांगला दिसतो आणि मूळची कमतरता झाकली जाते.