दाढदुखीची गोळी : कोणती, किती आणि कोणास

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके व विभागवार कार्यवृत्त यांच्या जोडीस एखादे अभ्यासपर टिपण द्यावे, अशी आमच्या विश्वस्त मंडळाची प्रथा आहे. सामान्यतः हे टिपण मधुमेह, हृदयविकार अशा मोठ्या आजारांवर असते. यंदा आम्ही दंतविभागातील एक लहान विषय घेतला आहे. दाढ दुखते म्हणून दोन-चार दिवस घ्यावयाची वेदनाशामक गोळी, एवढाच तो विषय. परंतु ज्या प्रसंगाने तो आमच्यापुढे आला, तो प्रसंग लहान नव्हता.

वसईच्या पूर्व पट्ट्यातून, पारोळच्या पलीकडील एका गावातून, साठी उलटलेल्या एक बाई दाढदुखीसाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. दाढ काढणे आवश्यक होते. परंतु सूज असल्याने चार दिवसांनी येण्यास सांगून त्यांना डायक्लोफिनॅक व पॅरासिटामॉल यांची संयुक्त गोळी दिवसातून दोन वेळा लिहून देण्यात आली. चौथ्या दिवशी त्या आल्या त्या दाढ काढण्यासाठी नव्हे, तर चक्कर येते आणि शौचास काळे होते म्हणून. तपासात जठरातून रक्तस्राव होत असल्याचे आढळले. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या व मूत्रपिंडाचे कार्यही मंदावले होते. ईश्वरकृपेने त्या बऱ्या झाल्या. घरच्यांनी पिशवीतील सर्व औषधे टेबलावर ओतली तेव्हा उलगडा झाला. गुडघेदुखीसाठी गावातील मेडिकलमधून आणलेली एक गोळी त्या कित्येक महिने घेत होत्या; तिचे व्यापारी नाव निराळे असले तरी आत डायक्लोफिनॅकच होते. शिवाय रक्तदाबाची, लघवी वाढविणारे औषध असलेली गोळी रोज सुरू होती. आमच्या दंतवैद्यांनी काही चुकीचे लिहिले होते असे नाही. चूक आमच्या केसपेपरची होती. त्यावर दातांचा तक्ता होता, पत्ता होता, शुल्काचा रकाना होता. ‘सध्या कोणती औषधे घेता?’ असा रकाना मात्र नव्हता. केसपेपरचा नमुना प्रशासन विभाग छापतो. म्हणून या टिपणाची जबाबदारीही आम्हीच घेतली. औषधांविषयीचा सर्व मजकूर आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी तपासून दिला आहे.

वेदनाशामक औषध नेमके काय करते, हे प्रथम पाहू. दाताचे कीड लागलेले कवच भेदून जंतू आतील मज्जेपर्यंत पोहोचले की तेथे दाह सुरू होतो. अन्यत्र सूज आली तर मांस फुगते; दाताच्या आत फुगावयास जागा नसते, म्हणून ठणका असह्य होतो. या दाहात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले व त्याबद्दल १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, केटोरोलॅक ही सारी त्याच घराण्यातील औषधे. अडचण अशी की, हीच प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. गोळीला दाढ आणि जठर यांतील फरक कळत नाही.

या घराण्याची शक्ती किती, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. एकेकाळी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडे दिसेनाशी झाली. डायक्लोफिनॅक टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. भारत सरकारने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात म्हणून २०१५ साली इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरची, एकाच मात्रेची केली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरे. निरोगी तरुणाला तीन दिवस हे औषध सहसा बाधत नाही. परंतु मूत्रपिंड आधीच थकलेले असेल तर तीन दिवसही पुरतात, हे आम्ही पाहिले.

मग दुखणे सोसावे काय? मुळीच नाही. रुग्णाला वेदनेत ठेवणे ही काही सुरक्षितता नव्हे. दाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर तर जगात विपुल संशोधन झाले आहे. अक्कलदाढ काढलेले तरुण रुग्ण हा वेदनाशामकांच्या चाचणीचा जणू मापदंडच ठरला आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पुरस्काराने मुलांसाठी २०२३ साली व किशोर आणि प्रौढांसाठी २०२४ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांचे सार असे की, दातांच्या अल्पकालीन वेदनेसाठी आयबुप्रोफेनसारखे औषध एकटे किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने, हा पहिला पर्याय होय. अफूवर्गीय औषधे क्वचितच, आणि तीही अत्यल्प दिवसांसाठी. अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या कोवळ्या मुलांना अशा गोळ्या सर्रास दिल्या गेल्या आणि काहींच्या व्यसनाची सुरुवात तेथून झाली, ही त्या सूचनांमागील पार्श्वभूमी आहे. आपल्याकडे याच वर्गातील ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. आमच्या दंतविभागातून ते आता लिहिले जात नाही.

आमच्या डॉक्टरांनी जी पद्धत ठरविली ती अशी. अन्य आजार नसलेल्या प्रौढास आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, दर सहा ते आठ तासांनी, आणि गरज वाटल्यास त्यासोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. मुदत तीन दिवस. दाढ काढल्यावर पहिली मात्रा भूल उतरण्यापूर्वीच घ्यावयाची. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, परंतु ओठाचा बधिरपणा दोन-तीन तासांत जातो आणि ठणका एकदा वर चढला की रुग्ण घाबरून एकदम दोन गोळ्या घेतो. विरारची बाई नालासोपाऱ्यापर्यंत पोहोचते तोच भूल उतरते, असे आमच्या परिचारिका म्हणतात; म्हणून पहिली गोळी आता येथेच, काहीतरी खावयास लावून, दिली जाते. उपाशीपोटी आलेल्यांसाठी दंतविभागात केळी ठेवलेली असतात. वसईत केळ्यांची वाण पडू नये, एवढीच अपेक्षा!

बाजारात आयबुप्रोफेन ४०० व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी मिळते आणि ती वाईट आहे असे नाही. तरी आमचे डॉक्टर दोन्ही सुटी लिहितात, कारण पित्ताचा त्रास झाला तर एक बंद करून दुसरी चालू ठेवता येते. दुसरे कारण पॅरासिटामॉलच्या बेरजेचे. प्रौढाने दिवसभरात ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. वजन कमी असलेल्या, वृद्ध किंवा नित्य मद्यपान करणाऱ्यांसाठी आमच्याकडे ३ ग्रॅमची मर्यादा पाळली जाते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, दाढेच्या संयुक्त गोळीतही तेच. वाणिज्य शाखेच्या माणसास हे चटकन उमगते : एकच रक्कम तीन खात्यांत निरनिराळ्या नावांनी पडली तर ताळेबंद चुकणारच. येथे मात्र चूक यकृताच्या नावे पडते.

आयबुप्रोफेन कोणास देऊ नये, याची यादी आता केसपेपरच्या पहिल्याच पानावर प्रश्नरूपाने छापली आहे. जठरव्रण किंवा रक्ताची उलटी पूर्वी झालेली व्यक्ती, मूत्रपिंडाचा विकार, हृदय कमकुवत असणे, रक्त पातळ करणारे औषध, ॲस्पिरिनने दमा उसळण्याचा पूर्वानुभव. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीचे औषध एकत्र चालू असताना त्यात हे तिसरे औषध पडले की मूत्रपिंडावर तिहेरी भार येतो. आमच्या रुग्णबाईंचे हेच झाले होते. गरोदर स्त्रियांना विसाव्या आठवड्यानंतर हे औषध टाळावे आणि पॅरासिटामॉलवर भागवावे. केटोरोलॅकची जिभेखाली वा पाण्यात विरघळणारी गोळी ‘दाढेची गोळी’ म्हणूनच मेडिकलमध्ये मागितली जाते. ती परिणामकारक आहे, पण जठरातून रक्तस्राव घडविण्यात या घराण्यात ती अग्रभागी असून तिचा वापर कोणत्याही परिस्थितीत पाच दिवसांपलीकडे करावयाचा नसतो. कायद्याने ती चिठ्ठीवाचून विकता येत नाही. कायदा कायद्याच्या जागी आहे, एवढेच येथे नमूद करतो.

पावसाळ्यासाठी एक वेगळी सूचना करावी लागली. जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या भागात डेंग्यूचे रुग्ण येतात. ताप आहे, अंग मोडून आले आहे आणि त्यातच दाढही दुखते, अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून या महिन्यांत दंतविभागात येणाऱ्या प्रत्येकास प्रथम तापाविषयी विचारले जाते; ताप असल्यास केवळ पॅरासिटामॉल, आणि रक्ततपासणी.

मुलांच्या बाबतीत घोटाळा औषधापेक्षा बाटलीत अधिक होतो. पॅरासिटामॉलचे पातळ औषध पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन शक्तींत मिळते. बारा किलो वजनाच्या बालकास १८० मिलिग्रॅम द्यावयाचे, म्हणजे पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर. तेवढेच माप आईने दुसऱ्या बाटलीतून दिले तर पोटात ३७५ मिलिग्रॅम जातात, दुपटीहून अधिक. म्हणून आता चिठ्ठीवर मिलिलिटरबरोबर बाटलीची शक्ती व मुलाचे वजन लिहिले जाते आणि औषध भांडारातून मापाचे टोपण खुणेसह दिले जाते. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर २०११ सालापासून बंदी आहे. तरी ‘मागच्या वेळी याने लगेच उतरले’ म्हणून त्याची मागणी करणारे पालक अद्याप भेटतात. ॲस्पिरिनही मुलांना द्यावयाचे नाही.

प्रतिजैविकांविषयी थोडक्यात. ती वेदनाशामक नव्हेत. मज्जेच्या दाहाने होणारा ठणका त्यांनी शमत नाही. चेहऱ्यावर पसरणारी सूज, ताप, तोंड न उघडणे अशी लक्षणे असतील तरच त्यांचे काम.

खरे पाहता या साऱ्या प्रकरणाचे मूळ गोळीत नसून लांबणीवर पडणाऱ्या उपचारात आहे. पहाटेची चर्चगेट लोकल पकडणारा नोकरदार, वालीव-सातिवलीच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणारा कामगार, भाजीच्या टोपल्या घेऊन निघणारी वाडीतील बाई, यांपैकी कोणालाही दाढेसाठी कामाचा दिवस सोडवत नाही. रविवार येईपर्यंत गोळी, आणि रविवारी घरचे कार्य! मध्येच एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. रुग्ण सुखावतो, वस्तुतः आतील मज्जा मृत झालेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे निघालेले असतात. काहीजणी दाढ शांत व्हावी म्हणून मिश्री लावू लागतात आणि दाढ गेल्यावरही मिश्री राहते. लवंगेच्या तेलाचा बोळा तात्पुरता आराम देतो, त्यास आमची हरकत नाही. परंतु गोळी चुरून हिरडीवर दाबून ठेवण्याची पद्धत वाईट. ॲस्पिरिनने हिरडी भाजून पांढरी पडलेले रुग्ण दंतविभागाने पाहिले आहेत. हे सर्व ध्यानी घेऊन आठवड्यातून दोन दिवस दंतविभाग सायंकाळी उघडा ठेवण्यास विश्वस्तांनी मान्यता दिली आहे. वेदना असलेल्या रुग्णाची मज्जा त्याच भेटीत उघडून निचरा करणे, हा या सायंकाळच्या विभागाचा मुख्य हेतू. दाब गेला की अर्धी वेदना खुर्चीवरच उतरते.

खर्चाचा प्रश्न देणगीदार विचारतील. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत व त्यांच्या किमती नियंत्रित आहेत. संयुक्त औषधांपेक्षा ती स्वस्त पडतात. उपरोक्त रुग्णबाईंवरील रक्त, दुर्बिणीची तपासणी व आंतररुग्ण खर्च निर्धन रुग्ण निधीतून भागविण्यात आला. त्या खर्चात सायंकाळच्या विभागाची कित्येक दिवसांची औषधे आली असती.

नवीन केसपेपर छापून आला असून त्यावरील औषधांचा रकाना मराठी व हिंदीत आहे. पहिल्या महिन्यात बहुतेक रुग्णांनी तेथे ‘काही नाही’ असेच सांगितले. नंतर परिचारिका प्रश्न बदलून विचारू लागल्या : “मावशी, गुडघ्यासाठी काय घेता? झोपेसाठी? पित्तासाठी?” मग पिशव्या उघडू लागल्या. प्रश्नाची ही शब्दयोजना पुढील छपाईत घेतली जाईल.

त्या बाईंची दाढ दोन महिन्यांनी, रक्ताचे प्रमाण सुधारल्यावर, काढण्यात आली. पॅरासिटामॉलच्या बारा गोळ्या दिल्या होत्या. त्यांतील पाच उरल्या, त्या त्यांनी नातवाबरोबर परत पाठविल्या. सुट्या गोळ्या परत घेण्याची औषध भांडारास परवानगी नाही, असे त्या मुलास समजावून सांगावे लागले.