क्यूनंतर यू नसलेले इंग्रजी शब्द : ओळखीचे पाहुणे



इंग्रजी स्पेलिंगचा एक नियम आपण पाचवी-सहावीतच पाठ करतो : क्यू आला की त्याच्या मागे यू येणारच. क्वीन, क्विक, क्वेश्चन, क्वालिटी. नियम चुकीचा नाही, बहुतेक शब्दांना तो लागू पडतो. पण स्क्रॅबल खेळायला बसलं की हाच नियम आपल्याला अडवतो. कसं ते बघू.

क्यूची अडचण

स्क्रॅबलमध्ये 100 सोंगट्या असतात. त्यातल्या 98 अक्षरांच्या आणि 2 कोऱ्या. ई हे अक्षर 12 वेळा येतं, ए आणि आय प्रत्येकी 9 वेळा. यू फक्त 4 आणि क्यू तर एकच! क्यूला गुण मात्र 10, म्हणजे झेडच्या बरोबरीने सर्वांत जास्त. पण यू हाताशी नसेल तर हा क्यू पडून राहतो. समोरच्याच्या सोंगट्या आधी संपल्या, तर आपले 10 गुण वजा होतात आणि त्याला 10 मिळतात. एकदम 20 गुणांचा फरक! म्हणून यूशिवाय क्यू खपवणारे शब्द पाठ असणं फार कामाचं.

हा नियम आला कुठून?

जुन्या इंग्रजीत क्वीन आणि क्विक हे शब्द क्यूने लिहीत नसत. सी आणि डब्ल्यूने लिहीत. 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं. फ्रेंच पद्धतीने लिहिणाऱ्या लेखनिकांनी हळूहळू सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू लिहायला सुरुवात केली. म्हणजे ही एका काळातली लिहिण्याची सवय आहे. जे शब्द इंग्रजीत दुसऱ्या वाटेने आले, त्यांना ती लागली नाही.

आता हे शब्द बघा

भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धांत कॉलिन्सची शब्दयादी वापरतात. त्या यादीतले हे काही शब्द. गुण फक्त अक्षरांचे दिले आहेत.

1. फकीर – एफ-ए-क्यू-आय-आर. गुण 17.
2. वक्फ – डब्ल्यू-ए-क्यू-एफ. चारच अक्षरं, गुण 19!
3. बुरखा – बी-यू-आर-क्यू-ए. गुण 16. यू आहे, पण क्यूच्या आधी.
4. निकाब – एन-आय-क्यू-ए-बी. गुण 16.
5. काझी – क्यू-ए-डी-आय. गुण 14. हीच चार अक्षरं क्यू-ए-आय-डी अशी लावली तर 'कैद' असं वाचावंसं वाटतं. पण त्याचा अर्थ तुरुंग नाही, अरबी प्रदेशातला सरदार किंवा अधिकारी.
6. मुकादम – एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम. गुण 23. होय, आपल्या ऊसतोड टोळीचा असतो तोच शब्द! इंग्रजी कोशात अर्थ आहे प्रमुख माणूस.
7. कव्वाली – क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. गुण 22. पण थांबा. ही बरोबर सात अक्षरं आहेत आणि हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या तर 50 गुण जास्तीचे मिळतात. 22 अधिक 50, झाले 72!

वाचताना एक गोष्ट लक्षात आली का? या यादीतला एकही शब्द आपल्याला नवीन नाही. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी यात्रेला गेलेल्या मुलाला कव्वाली म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. लंडनच्या मुलाला मात्र तो शब्द कोशात शोधावा लागेल.

हे शब्द आपल्याकडे कसे?

हे सगळे शब्द मुळात अरबी आहेत. अरबी आणि उर्दूत 'क'साठी दोन अक्षरं आहेत. त्यातलं एक घशातून उच्चारतात. आपल्या जिल्ह्यातल्या उर्दू शाळेतली मुलं त्याला बडा काफ म्हणतात. इंग्रजीत हा काफ दाखवायला बऱ्याचदा क्यू लिहितात. तिथे 'क्व' असा उच्चारच नाही, मग यू कशाला हवा?

वऱ्हाडात कित्येक शतकं फारसी ही दरबाराची आणि दफ्तराची भाषा होती. 1724 मध्ये आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्डा इथे निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपला अंमल पक्का केला. अशा राजवटींतून फारसी-अरबी शब्द लोकांच्या तोंडी बसले. कायदा, कर्ज, कलम, किंमत, कुलूप, हक्क, नकाशा, फक्त, आणि चक्क तालुकासुद्धा! या सगळ्यांत मूळचा तोच बडा काफ आहे. मराठीत आपण साधा क लिहितो, म्हणून तो दिसत नाही.

पण सावध!

काफ आहे म्हणून प्रत्येक शब्द क्यूने लिहिता येत नाही. तालुका इंग्रजीत के घालूनच लिहितात. तेव्हा आधी यादीत बघायचं, मग पटावर लावायचं. आणि अगदीच अडलात तर दोन अक्षरांचा एक शब्द ध्यानात ठेवा : क्यू-आय. उच्चार 'ची', अर्थ प्राणशक्ती, मूळ चिनी, गुण 11. हा मात्र आपल्या ओळखीचा नाही, पाठच करावा लागेल.

स्वाध्याय

1. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून 100 चौकोन कापा आणि वर्गासाठी संच तयार करा. कोपऱ्यात गुण लिहायला विसरू नका.
2. वरचे सात शब्द घरी मोठ्यांना विचारा. कोण कोणता शब्द कुठे वापरतं, ते वहीत लिहा.
3. उर्दू माध्यमाचा मित्र किंवा मैत्रीण असेल तर बडा काफ असलेले आणखी दहा शब्द विचारून घ्या. त्यातले कोणते क्यूने लिहितात, ते कोशात तपासा.

मित्रांनो, खेड्यातल्या मुलांना इंग्रजी जमत नाही, असं कोणी म्हणालं की मान खाली घालू नका. इंग्रजी शिकताना आपण रिकाम्या हाताने बसत नाही. घरात, बाजारात, यात्रेत ऐकलेले शब्दही त्या कोशात आहेत, फक्त त्यांचं स्पेलिंग शिकायचं बाकी आहे. तेवढं शिका आणि पुढच्या डावात क्यू हातात आला तर घाबरू नका.