शून्य आणि रेघ

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आधी एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलतो तेवढंच, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी आमचं फारसं पटत नाही. चुका पोटात घाला. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला एका मेंढपाळ आजोबांनी सांगितली. ती इंग्रजीत लिहून बघितली, पण जमलीच नाही.

विषय आहे, पावसाळा संपल्यावर उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षी डोंगरावर बसून कसे मोजायचे. "हा काय विषय झाला?" असं आमच्या मेसमध्ये तीनदा विचारून झालंय. पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी बाकीच्या ग्रुपनी प्लॅस्टिकचा कचरा आणि सौर कंदील घेतले. आम्ही तिघींनी हा घेतला. खरं सांगायचं तर, रविवारी हॉस्टेलबाहेर पडायची परमिशन मिळेल, हाच मूळ हेतू होता!

जागा कुठली?

फलटणच्या दक्षिणेला महादेवाचा डोंगर आडवा पसरलाय. दहिवडीला जाणारी एसटी मोगराळ्याच्या घाटाने तो चढते. घाटाखाली फलटणची बाजू, म्हणजे कालव्याचं पाणी आणि ऊस. घाट चढून गेलं की माण तालुका सुरू होतो, म्हणजे माळरान, खुरटं गवत, बाजरी-ज्वारी आणि मेंढरं. आमच्यातली एक जण माणचीच. घाटाच्या वर एका सोंडेवर तिने जागा दाखवली. तिथून उत्तरेला सगळं खोरं उघडं दिसतं. उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्याला हा डोंगर म्हणजे वाटेत आडवी आलेली भिंत. आम्ही त्या भिंतीवर बसलो.

कोण येतं? पहिला मान भोवत्याचा, म्हणजे हॅरियरचा. लांब पंख, लांब शेपूट, आणि जमिनीलगत डुलत डुलत उडायची सवय. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोघं कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशात पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात आपल्या माळांवर येतात. इथे ते नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी खातात आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात. दुसरी खरूची, म्हणजे केस्ट्रल. ती हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते. तिसरा स्टेप गरुड. त्याची संख्या इतकी घटली आहे की २०१५ पासून तो जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे. आणि नशीब असेल तर अमूर ससाणा. हा चीन-रशियाच्या सीमेवरून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडला थांबतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ हजारोंनी ससाणे जाळ्यात पकडून मारले गेले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथल्या गावांनीच ती शिकार थांबवली.

डोंगरच का?

इथे आम्ही मेकॅनिकलवाले थोडा भाव खाऊन घेतो. ऊन चढलं की कातळ आणि उघडा माळ लवकर तापतो, उसाचं ओलं रान उशिरा. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर निघते. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते. आजूबाजूच्या हवेपेक्षा ती गरम आहे तोवर वर चढतच राहते. ही झाली थर्मल. गरुड त्यात शिरतो, गोल गोल फिरत फुकटात उंची मिळवतो, आणि मग पंख न हलवता पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जातो. इंजिन बंद, गाडी उतारावर! दोन-तीन किलोचं शरीर पंख मारत हजारो किलोमीटर न्यायचं तर केवढं इंधन लागेल, विचार करा. शिवाय डोंगरावर आपटलेला वारा वर वळतो, ती दुसरी लिफ्ट.

म्हणूनच मोठे गरुड समुद्र टाळतात, कारण पाण्यावर अशी लिफ्ट फारशी मिळत नाही. मग समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांची अक्षरशः रांग लागते. जॉर्जियातलं बातुमी असंच आहे. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि एका मोसमात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी. मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ तर त्याच्याही पुढे आहे. महादेवाच्या डोंगरावर असं काही होत नाही. इथे पक्षी रुंद आघाडीने, विखरून येतात. तेव्हा आकाश काळं होईल या आशेने कुणी जाऊ नका. आम्ही गेलो होतो!

मोजायचं कसं?

१. वेळ ठरवून घ्या. आमची होती सकाळी ९ ते दुपारी ३. दर तासाला नवी ओळ. किती जण बघत होते, वारा कुठून, ढग किती, हेही त्याच ओळीत.

२. आकाशाच्या खुणा पाडा. मोबाइलचा टॉवर, एक सुळका, एक एकटं झाड. "तो बघ, तो बघ" म्हणून काही कळत नाही. "टॉवरच्या उजवीकडे दोन बोटं" असं सांगितलं की लगेच दिसतो. दुर्बीण ८×४२ ची पुरते. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने क्षितिज सावकाश विंचरायचं.

३. मनात एक रेषा ओढा, आम्ही धारेचीच धरली. उत्तरेकडून दक्षिणेला जो ती ओलांडेल तोच मोजायचा, परत फिरला तर वजा करायचा. इथल्याच घारी दिवसभर घिरट्या घालतात, त्या मोजायच्या नाहीत. नाहीतर एकच घार चाळीस वेळा लिहिली जाईल.

४. थवा थर्मलमध्ये गोल फिरत असेल तर मोजू नका, गोंधळ होतो. वर पोचून एकामागे एक घसरत बाहेर पडायला लागले की मग मोजा.

५. ओळख पटली नाही तर 'अनोळखी' लिहा. 'अनोळखी गरुड', 'अनोळखी भोवत्या' असे रकाने आधीच पाडून ठेवा.

६. शेवटी एकूण पक्षी भागिले एकूण तास. समजा एका वर्षी १० तासांत ३० दिसले आणि दुसऱ्या वर्षी २० तासांत ४०. आकडा वाढला, पण दर ३ वरून २ वर आला. तास लिहिले नसतील तर आपण पेढे वाटत बसू.

आता खरी गोष्ट

नियम लिहिणं सोपं आहे. पहिल्या रविवारी नऊ ते बारा, तीन तासांत काही म्हणजे काही नाही. दुर्बिणीने डोळे दुखले, पोळ्या संपल्या. बारा ते एक आम्ही तिघी दगडाच्या सावलीत चक्क झोपलो. उठल्यावर बारा-एकच्या ओळीत मी सहज '०' लिहिला.

रूममेट म्हणाली, "अगं, शून्य कसं? आपण बघतच नव्हतो."

"नऊपासून एक नाही आला, त्या तासात कुठला यायला बसलाय?"

"ते तुला काय माहीत?"

मी चिडले. पण तिचं बरोबर होतं. शून्य म्हणजे 'बघितलं, आणि नव्हतं'. रेघ म्हणजे 'बघितलंच नाही'. कागदावर दोन्ही जवळपास सारखीच रिकामी दिसतात, पण अर्थ वेगळा. एका तासाने काय होतंय म्हणाल, तर खरंच फार नाही. पण अर्धा वेळ झोपून सगळीकडे शून्य ठोकलं तर दर निम्म्यावर येतो, आणि दहा वर्षांनी ते कागद वाचणारा म्हणेल, "अरेरे, पक्षी घटले." प्रत्यक्षात झोपलो होतो आम्ही.

दुसऱ्या रविवारी याच्या उलट झालं. एक मोठा तपकिरी गरुड उंचावरून धार ओलांडून गेला. मी आनंदाने 'स्टेप गरुड, १' लिहूनही टाकलं. प्रोजेक्टला वजन येणार होतं ना! पण आपल्या माळांवर बारमाही राहणारा पिंगट गरुड जवळपास तसाच दिसतो. स्टेप गरुडाच्या तोंडाची पिवळी कड डोळ्याच्या मागपर्यंत जाते, पिंगटाची डोळ्याच्या मध्यापर्यंतच. मी ती बघितली होती का? नव्हती. एवढ्या उंचीवरून दिसणारही नव्हती. खोडून 'अनोळखी गरुड' लिहिलं. खोडताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

आणि खरं बोलायचंच तर, हा हात मला वर्गात लागलाय. प्रॅक्टिकलला रीडिंग ग्राफवर बसत नसेल तर ते 'बसवायचं', आणि जर्नल शेजारच्या खोलीतून आणायचं. मी कितीदा केलंय ते लिहीत नाही, कारण हे मासिक सरही वाचतात.

तिसऱ्या रविवारी आजोबा आले. मेंढरं मागे, खांद्यावर घोंगडी.

"काय मोजताय गं पोरींनो?"

"पक्षी, आजोबा. शिकारी पक्षी. बाहेरून येतात ते."

"घारी व्हय? किती झाल्या?"

"आज सकाळपासून एकपण नाही."

"मग न्हाय म्हणून लिवा की." इतकं सरळ! मग शेजारी टेकले. भोवत्याचं चित्र दाखवल्यावर लगेच म्हणाले, "ही व्हय, ही ज्वारीच्या रानावरनं खालनं खालनं फिरती. थंडीतच असती." पान उलटलं, पुढे गिधाड होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही लई हुती. ढोर पडलं का दोन तासांत हाडं उरायची. आता कुत्री फाडत्यात."

"शेवटचं कधी बघितलं, आजोबा?"

ते खूप वेळ गप्प राहिले. "काय की बाई. हायतच म्हणून कोण बघतंय? आन् न्हाईत हे कुणाच्या ध्यानात आलं?"

त्या दिवशी परतताना एसटीत आम्ही फारसं बोललो नाही.

हॉस्टेलवर येऊन मी गिधाडांचं वाचून काढलं. भारतातली गिधाडं गेली हे पुराव्यासकट कळलं, कारण कुणीतरी मोजून ठेवलं होतं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली. १९८७-८८ मध्ये ३५३ जोड्या होत्या, १९९६-९७ मध्ये १५० उरल्या. १९९१ ते ९३ मध्ये देशात शिकारी पक्ष्यांची रस्त्यांवरून मोजणी झाली होती, तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांची काळजी कुणालाच नव्हती. तरी ती मोजली. २००० मध्ये त्याच रस्त्यांवरून पुन्हा मोजल्यावर घसरण दिसली. २००४ मध्ये कारण सापडलं, गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. २००७ च्या मोजणीत पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मानाने हजारात एक उरली होती. सुरुवातीचे ते 'बिनकामाचे' आकडे नसते, तर किती गेली हे सिद्धच करता आलं नसतं.

डोंगरावरच्या मोजणीचंही असंच उदाहरण आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर पूर्वी लोक गंमत म्हणून जाणारे ससाणे-गरुड बंदुकीने पाडत. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला, शिकार बंद केली, आणि मॉरिस ब्रून तिथे बसून मोजायला लागले. १९३५ ते ३९ मध्ये दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते ५९ मध्ये फक्त २० टक्के. म्हणजे मोठे दिसतायत, पण पिल्लं वाढतच नाहीयेत. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात डीडीटीविरुद्ध हेच आकडे मांडले. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली. ब्रून मोजायला बसले तेव्हा डीडीटी शेतात आलंही नव्हतं. कशासाठी उपयोगी पडेल हे ठाऊक नसताना त्यांनी नीट लिहून ठेवलं, एवढंच.

आमचा निकाल

तीन रविवार, १८ तास. त्यातला एक तास रेघ, म्हणजे बघितलेले १७. भोवत्या ९, खरूची ४, अनोळखी गरुड १. गिधाड ०. सतरापैकी दहा तास पूर्ण शून्य. भोवत्यांचा दर तासाला साधारण अर्धा पक्षी! व्हायव्हात "एवढंच?" असा प्रश्न आला. मी म्हटलं, "हो सर, एवढंच. पण खरं आहे."

एका मोसमाच्या आकड्याला फार अर्थ नाही हे आम्हालाही कळतं. तीच सोंड, तेच तास, तेच नियम ठेवून दरवर्षी कुणी बसलं तरच त्याला अर्थ येईल. पुढच्या वर्षी आमचं फायनल इयर, त्यानंतर आम्ही कुठे असू माहीत नाही. म्हणून वही हॉस्टेलच्या वाचनखोलीत, वर्तमानपत्रांच्या कपाटात ठेवली आहे. जागेचा नकाशा पहिल्या पानावर आहे. रेक्टर मॅडमची परमिशन कशी मिळवायची तेही शेवटच्या पानावर लिहिलंय.

ज्युनियर्सना एकच विनंती. दिवसभरात काही दिसलं नाही, तर शून्य लिहा. झोप लागली, तर रेघ मारा.